प्लॅटिनममधलं हीण



गेल्या अंकात हायड्रोजनवर चालणाऱ्या ट्रकांबद्दल लिहिलं होतं. त्यावर दोन पत्रं आली, तीन-चार फोन आले, आणि गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत एका काकूंनी मला गाठलं. हातात मसालेभाताची कागदी प्लेट, मागे साठ-सत्तर माणसं ताटकळलेली, आणि काकू म्हणाल्या, "काय रे, तू लिहिलं आहेस की त्या फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनम लागतं, आणि तुझं काम त्यात निकेल नाहीतर कोबाल्ट घालायचं. म्हणजे सरळ सांग ना, भेसळ करतोस म्हणून!"

मागचे सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना. काकूंचं चुकलं नव्हतं. आपली भाषाच शुद्ध धातूच्या बाजूची आहे. चांगला व्यवहार तो चोख, चांगला माणूस तो बावनकशी, आणि वाईट ते सगळं हिणकस. हीण म्हणजे काय, तर सोन्यात मिसळलेला हलका धातू. दागिना घडायचा, टिकायचा, तर हीण लागतंच हे प्रत्येक सोनाराला ठाऊक असतं, तरी त्या शब्दाची शिवी झाली ती झालीच. आणि मी गेली वीस वर्षं पगार घेतो तो प्लॅटिनममध्ये हीण कसं घालावं याचाच.

हे मला जरा जास्त लागलं, त्याला कारण आहे. माझे वडील गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडीकडच्या मंडळींना हा शब्द समजावायला नको, पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगतो. सांगली जिल्ह्यातला आमचा भाग दुष्काळी. तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. तमिळनाडूत, केरळात, बंगालमध्ये कुठल्याही सराफ पेठेत जा, एखाद्या बोळात भट्टी पेटवून बसलेला माणूस घरच्यांशी मराठीत बोलताना सापडेल. परमुलखात राहून मुलांना मराठी कसं शिकवायचं हा आपल्या मंडळाचा नेहमीचा विषय. तो आमच्या घराने कोइंबतूरला आधीच भोगलेला आहे.

कोइंबतूरला आप्पांचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. सोनार जुने मोडके दागिने आणून देत. त्यात तांबं, चांदी, डाकाचं हीण, सगळंच. शुद्ध करायचं तर आप्पा आधी त्यात आणखी चांदी घालत, सोनं एक भाग तर चांदी साधारण तीन भाग. लहानपणी मला हे कोडंच वाटे: शुद्ध करायचं म्हणता आणि वर हीण वाढवता? पण सोनं जास्त असेल तर तेजाब आतपर्यंत शिरतच नाही, हे कारण. मग ते आटवायचं, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि तेजाबात उकळायचे. पिवळा-तांबूस धूर निघे, तो लागला की खोकल्याची उबळ येई. चांदी आणि तांबं विरघळून जाई आणि तळाशी सोनं उरे, तेही चकचकीत नव्हे, विटकरी रंगाची भुकटी. वरचं पाणी तांब्यामुळे हिरवट-निळं. ते ओतायचं, पुन्हा ताजं तेजाब, पुन्हा उकळी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला तिथे बसवत आणि विचारत, "बघ रं, पानी निवळ आलं का?" पाणी निवळ येईपर्यंत काम संपलं असं म्हणायचं नाही, दुकानाबाहेर गिऱ्हाईक कितीही खोळंबलेलं असो.

हे सगळं लांबण का लावलं ते पुढे येईलच. आता आमच्या धंद्याकडे वळतो.

फ्युएल सेलची कल्पना जुनी आहे. विल्यम ग्रोव्ह नावाच्या वेल्शमनने १८३९ साली हायड्रोजन आणि ऑक्सिजन प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर एकत्र आणून वीज मिळवली. बाहेर पडतं ते पाणी. एका बाजूला हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात, तारेतून फिरून मोटर चालवतात आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनला मिळतात. मधल्या पातळ पडद्यातून फक्त प्रोटॉन पलीकडे जातात. कागदावर एका सेलमधून १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. प्रत्यक्षात गाडी चालवताना ०.६ ते ०.७ मिळतात. उरलेलं कुठे जातं? बरंचसं ऑक्सिजनच्या बाजूला उष्णता होऊन वाया जातं. हायड्रोजनचं काम प्लॅटिनमवर झटक्यात होतं. ऑक्सिजनचं मात्र रेंगाळतं.

का रेंगाळतं? एसटी स्टँडवरची तिकीटखिडकी आठवा. खिडकीतला माणूस अगदीच तिरसट असेल तर लोक तिथे फिरकणारच नाहीत, कंडक्टरकडेच तिकीट काढतील. आणि फारच गप्पिष्ट असेल तर तिकीट घेतलेला माणूस खिडकीला चिकटून राहील आणि मागची रांग हलणार नाही. उत्प्रेरकाचं नेमकं हेच असतं. रेणूला धरायचं, तोडायचं, जोडायचं आणि सोडून द्यायचं. धरणं फार सैल नको, फार घट्टही नको. पॉल साबातिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने हे तत्त्व ओळखलं जातं. त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. सोनं ऑक्सिजनला जवळजवळ विचारतच नाही. निकेल त्याला असं धरतं की सोडतच नाही. शुद्ध धातूंमध्ये प्लॅटिनम सगळ्यांत चांगलं, पण तेही किंचित गप्पिष्ट. डेन्मार्कचे येन्स नोरस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली संगणकावर हिशेब मांडून दाखवलं की प्लॅटिनमची ऑक्सिजनवरची पकड थोडीशी, अगदी थोडीशी, सैल झाली तर काम आणखी वेगाने होईल.

ही पकड सैल करायला आम्ही हीण घालतो. निकेलचा किंवा कोबाल्टचा अणू प्लॅटिनमच्या अणूपेक्षा लहान. तो आतल्या थरात बसला की वरचे प्लॅटिनमचे अणू एकमेकांच्या जवळ ओढले जातात. दाटीवाटीने बसलेली माणसं आपापसातल्या बोलण्यात गुंततात आणि दारात आलेल्याकडे त्यांचं लक्ष कमी जातं, तसं या अणूंचे इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांत जास्त गुंततात आणि ऑक्सिजनवरची पकड ढिली होते. मात्र निकेल वर पृष्ठभागावर असून चालत नाही. पडदा हा स्वभावाने तीव्र आम्ल आहे. उघडं निकेल त्यात विरघळून जातं. म्हणजे हवी ती रचना अशी: बाहेर प्लॅटिनमची एक-दोन अणूंची साय, आणि आत हीण.

शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत व्होइस्लाव स्तामेंकोविच, नेनाद मार्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली असा एक स्फटिक तपासला. तीन भाग प्लॅटिनम, एक भाग निकेल, आणि वरचा पृष्ठभाग एका ठरावीक दिशेने कापलेला. तो तशाच कापलेल्या शुद्ध प्लॅटिनमच्या दहापट आणि बाजारातल्या नेहमीच्या प्लॅटिनमच्या भुकटीच्या नव्वदपट कार्यक्षम निघाला. तेव्हा मी नुकताच एमएस संपवून नोकरीला लागलो होतो. तो पेपर आम्ही लंच टेबलावर एकमेकांच्या हातातून ओढून वाचला होता. नव्वदपट! आमच्या धंद्यात दुप्पट मिळाली तरी लोक पेढे वाटतात. (पेढे मी वाटले, बाकीच्यांनी डोनट.)

पण तो सपाट घासलेला मोठा स्फटिक होता. गाडीत असे स्फटिक बसवायचे तर बँक लुटावी लागेल. जगातलं खाणीतून निघणारं बहुतांश प्लॅटिनम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं, ते जपून वापरायला हवं. म्हणून नॅनो. हा शब्द टाटांच्या गाडीमुळे आपल्याला पाठ झाला, पण इथे तो अक्षरशः खरा आहे. आमचा कण तीन नॅनोमीटरचा, त्यात साधारण हजारभर अणू, आणि त्यातले तिसरा हिस्सा तरी पृष्ठभागावर. एक ग्रॅम प्लॅटिनमचे असे कण केले आणि त्यांचे सगळे पृष्ठभाग पसरले तर किती जागा भरेल याचा एकदा मी पाकिटाच्या मागे हिशेब केला. सुमारे हजार चौरस फूट. पुण्यातला बऱ्यापैकी टू बीएचके. एका ग्रॅममध्ये! आणि तेच कण एकमेकांत मिसळून पाच नॅनोमीटरचे झाले तर? साडेपाचशे-सहाशे. म्हणजे प्लॅटिनम तेवढंच, पण राहायला वन बीएचके. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता असा कण बनवायचा कसा? एक सरळ रस्ता असा की प्लॅटिनम आणि निकेल एकत्र करून मिश्रधातूचे कण कार्बनच्या काजळीवर बसवायचे आणि मग ते ॲसिडने धुवायचे. वरच्या थरातलं निकेल विरघळून जातं, प्लॅटिनमची साय उरते. बर्लिनचे पीटर श्ट्रासर यांनी तांब्याचं हीण वापरून हे फार सुंदर दाखवलं आहे. म्हणजे ही आप्पांचीच कृती! फरक इतकाच की आप्पांना सगळं हीण बाहेर काढायचं असे, आणि आम्हाला वरवरचं तेवढं काढून आतलं ठेवायचं असतं. गंमत म्हणजे आप्पांची दुसरी एक कृतीही आमच्याकडे आहे. तेजाबात विरघळलेली चांदी परत मिळवायला आप्पा त्या पाण्यात तांब्याचा पत्रा सोडत. तांबं पाण्यात उतरे आणि त्याच्या जागी चांदी बाहेर येई. लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत राडोस्लाव आद्झिच यांच्या गटाने पॅलेडियमच्या कणावर तांब्याचा एकच अणू जाडीचा थर दिला आणि तो प्लॅटिनमच्या द्रावणात बुडवला. तांबं उतरलं, त्याच्या जागी एक अणू जाडीचं प्लॅटिनम बसलं. मी ते पहिल्यांदा एका परिषदेत ऐकलं तेव्हा शेजारच्याला म्हणालो, हे तर माझे वडील प्लास्टिकच्या टबात करायचे. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

आता माझी गोष्ट. ती काही अभिमानाची नाही.

२०१४ साल होतं. मी तेव्हा दुसऱ्या एका कंपनीत होतो. आमच्या लहानशा गटाकडे निकेल भरपूर असलेला एक मिश्रधातू होता, एक अणू प्लॅटिनमला जवळजवळ तीन अणू निकेल. धुतल्यावर त्याचा आकडा असा आला की मी चाचणी तीनदा करून पाहिली. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ठरवलेलं लक्ष्य आहे एका मिलिग्रॅम प्लॅटिनममागे ०.४४ अँपियर. आमचा आकडा त्याच्या तिपटीच्या जवळ होता. वरपर्यंत बातमी गेली. वरून विचारणा झाली की दहा ग्रॅमचा घाणा कधी देता, मोठ्या सेलमध्ये घालून बघू. मी तारीख दिली.

दहा ग्रॅमचा घाणा आमच्या टेक्निशियनने केला. साठीला आलेला अमेरिकन गृहस्थ, कॉलेजचं तोंड न पाहिलेला, पण हात असा की चमच्यावर भुकटी घेऊन वजन सांगावं. तिसरं धुणं झालं. त्याने काचेचा चंबू खिडकीसमोर धरला आणि म्हणाला, "अजून हिरवं आहे." निकेलचं पाणी हिरवं असतं. मी पाहिलं. अगदी फिकट, पांढऱ्या भिंतीसमोर धरलं तरच दिसेल इतकं. तांब्याचं पाणी आणि निकेलचं पाणी वेगळं, पण तेजाबाच्या खोलीत दहा उन्हाळे काढलेल्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती. लहान घाण्याला तीन धुणी पुरली होती. चौथं धुणं म्हणजे आणखी एक दिवस, शिवाय गाळणं, सुकवणं. शुक्रवार होता, तारीख सोमवारची. मी म्हटलं, पुरे.

चकतीच्या चाचणीत हा घाणाही उत्तम दिसला. दिसणारच. ती चाचणी कशी होते? करंगळीच्या नखाएवढ्या चकतीवर भुकटीचा पातळ लेप द्यायचा आणि ती बीकरभर ॲसिडात गरागरा फिरवायची. तिथे जे काही निकेल सुटतं ते बीकरात हरवून जातं, कुणाला त्रास देत नाही. सेलमध्ये त्याला जायला जागाच नसते. ते पडद्यात शिरतं आणि प्रोटॉनच्या वाटेवर ठाण मांडून बसतं. थोडा प्रवाह घेतला तर कळत नाही, पण गाडी चढाला लागल्यावर जोर मागितला की सेल गळपटतो. आमचा सेल सहाव्या आठवड्यात गळपटला. उघडून तपासलं तर पडद्यात निकेल, आणि कण जिथे भरीव असायला हवे होते तिथे स्पंजासारखे पोकळ झालेले. शिवाय लहान कणांमधलं प्लॅटिनम विरघळून मोठ्या कणांवर जाऊन बसलेलं. टू बीएचकेचा वन बीएचके.

अहवाल मी लिहिला. इंग्रजीत कर्मणी प्रयोग फार सोयीचा असतो. "अपेक्षेपेक्षा अधिक निकेल बाहेर पडल्याचे आढळले," असं लिहिता येतं. कुणाच्या अपेक्षेपेक्षा, कुणी धुणं थांबवलं, हे लिहावं लागत नाही. चार महिन्यांनी तो प्रकल्प बंद झाला. गटातले दोघं कमी झाले, त्यात तो टेक्निशियन. मी राहिलो. निरोपाच्या दिवशी त्याने मला आपला वजनाचा चमचा दिला. धुण्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

मी न्यायाने सांगतो: चौथ्या धुण्याने प्रकल्प वाचला असता असं नाही. इतकं निकेल असलेला कण मुळातच कच्चा. धूत बसलो असतो तर आकडा खाली आला असता आणि कण तरीही पोकळ झाले असते. पण ते आम्हाला बुधवारपर्यंत कळलं असतं. सहा आठवडे, एक मोठा सेल आणि सगळ्यांचा भरवसा खर्च करून कळलं नसतं. आणि मग कदाचित आम्ही निकेल कमी करून पुन्हा सुरुवात केली असती.

त्या रविवारी आप्पांना फोन केला होता. तोपर्यंत ते धंदा आवरून गावी परतले होते. सगळं सांगितलं. आप्पांना फ्युएल सेल कळत नाही, पण एवढं त्यांना नेमकं कळलं. म्हणाले, "तिसऱ्या पान्याला हिरवं व्हतं? मग चौथं का न्हाई घातलं?" मी म्हटलं, तारीख होती आप्पा. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग पावसाचं विचारू लागले.

त्यानंतर मी ज्या कामात पडलो ते निव्वळ आकड्याचं नाही, टिकण्याचं आहे, आणि मला विचाराल तर आमच्या धंद्यातली खरी गंमत तिथेच आहे. टोयोटाने २०१४ च्या शेवटी मिराई गाडी आणली, तिच्यात कोबाल्टचं हीण असलेलं प्लॅटिनम आहे. आकड्यांच्या शर्यतीत कोबाल्ट निकेलच्या मागे असतं, पण रस्त्यावर तेच पोहोचलं.

टिकवायचे दोन-तीन मार्ग मला पटतात. एक म्हणजे अणूंची पंगत नीट बसवणं. साध्या मिश्रधातूत प्लॅटिनम आणि कोबाल्ट जत्रेतल्या गर्दीसारखे कसेही बसलेले असतात. पण प्रमाण अर्धं-अर्धं ठेवून सहाशे-सातशे अंश सेल्सियसला तापवलं तर ते आपापल्या ओळी धरतात: एक थर प्लॅटिनमचा, एक कोबाल्टचा, पुन्हा प्लॅटिनमचा. अशा पंगतीतून कोबाल्टला उठून जाणं अवघड होतं, कारण त्याला दोन्ही अंगांनी प्लॅटिनमने घट्ट धरलेलं असतं. अडचण अशी की एवढं तापवलं की कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. मग त्यांच्यावर आधी सिलिकाचं पातळ कवच चढवायचं, तापवायचं, आणि नंतर ते कवच विरघळवून टाकायचं; किंवा कार्बनच्या बारीक छिद्रांत एकेक कण कोंडून ठेवायचा. आमचे निम्मे दिवस या कोंडाकोंडीत जातात.

दुसरा मार्ग सोन्याचा. तो ऐकून आप्पा खूश झाले होते. ब्रुकहेवनच्या त्याच गटाने २००७ साली प्लॅटिनमच्या कणांवर सोन्याच्या अणूंचे छोटे पुंजके बसवले, तेही पुन्हा तांब्याचा थर देऊन आणि तो सोन्याने बदलून. सोनं स्वतः ऑक्सिजनचं काम करत नाही. पण त्याच्या सहवासात प्लॅटिनम विरघळायचं थांबतं. तीस हजार वेळा व्होल्टेज खाली-वर केलं, तरी त्या कणांनी फारसं काही गमावलं नाही, आणि शेजारच्या साध्या प्लॅटिनमने मात्र बरंच गमावलं. सोनं महाग खरं, पण लागतं ते अगदी चिमूटभर.

तिसरा, सध्या फार बोलबाला असलेला मार्ग म्हणजे पाच-सात धातू एकत्र आटवणं. आपल्या पंचधातूच्या मूर्तीसारखं. २०१८ साली अमेरिकेतल्या एका गटाने विजेचा झटका देऊन सेकंदाच्या अंशात सुमारे दोन हजार केल्विनपर्यंत तापवून एकेका कणात आठ धातू कोंबून दाखवले. करामत मोठी आहे. माझं मत विचाराल तर आठ धातू म्हणजे विरघळू शकणारे आठ धातू. तरुण मंडळींना हे आवडत नाही. ते म्हणतात, इतक्या जोड्या तपासायला आता संगणक आहे. खरं आहे, संगणक हिशेब भराभर करतो. चंबू खिडकीसमोर धरायला मात्र अजून माणूसच उभा लागतो.

आता गाड्यांपेक्षा ट्रकांवर भर आला आहे, ते गेल्या अंकात लिहिलंच होतं. गाडीला पाच हजार तास पुरतात, म्हणजे साधारण दीड लाख मैल. लांब पल्ल्याच्या ट्रकला पंचवीस हजार तास हवेत. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०२० साली दहा लाख मैल टिकणाऱ्या फ्युएल सेलसाठी राष्ट्रीय प्रयोगशाळांचा एक गटच बांधला. आपल्याकडेही हालचाल आहे. पुण्यात एनसीएलच्या लोकांनी केपीआयटीबरोबर काम करून २०२२ च्या ऑगस्टमध्ये फ्युएल सेलवरची बस रस्त्यावर आणली. तिथल्या धुळीत आणि वाहतुकीत तिचे तास मोजले जावेत ही माझी इच्छा. इथल्या गुळगुळीत महामार्गावर कुणीही टिकेल.

२०१९ च्या उन्हाळ्यात आप्पा इथे आले होते. पहिल्यांदा आणि, गुडघ्यांमुळे, बहुधा शेवटचे. परवानगी काढून त्यांना लॅब दाखवली. मी एक बाटली हातात दिली: काळीकुट्ट भुकटी, तळाला बोटभर. पाहुण्यांना मी ही बाटली दाखवतो तेव्हा सगळे म्हणतात, हे प्लॅटिनम? चमकत कसं नाही? आप्पांनी तसं विचारलं नाही. तेजाबातून निघालेलं त्यांचं सोनं तरी कुठे चमकत होतं? त्यांनी बाटली उजेडाकडे धरून हलवली आणि भुकटी काचेला कशी चिकटते ते बघितलं. मग सिंककडे बोट केलं.

"धुवनाचं पानी कुठं जातं?"

मी सांगितलं, एका पिंपात जमा करतो. गाळायचे कागद, हातमोजे, वाया गेलेले पडदे, सगळं वेगळं ठेवतो. वर्षाकाठी ते शुद्ध करणाऱ्याकडे जातं. तो कार्बन जाळून टाकतो, प्लॅटिनम काढतो आणि जेवढं निघेल त्याचे पैसे देतो.

"म्हंजे गलाईवालाच की," आप्पा म्हणाले. मग जरा थांबून, "टंच कोन काढतं? त्योच?"

मी म्हटलं, हो, तोच.

आप्पा जोरात हसले. इतके की काचेपलीकडच्या खोलीतला माझा सहकारी वळून पाहू लागला. चाळीस वर्षं त्या धंद्यात काढलेला माणूस का हसला ते मला गाडीत बसल्यावर उमगलं. सोमवारी मी खरेदी खात्याला पत्र लिहिलं. तेव्हापासून पिंप बाहेर जाण्याआधी त्यातला नमुना आम्ही स्वतः तपासतो, त्याची एक बाटली सीलबंद करून कपाटात ठेवतो, आणि त्यांचा आकडा आला की शेजारी आपला मांडतो. पहिल्या वर्षी दोन आकड्यांत जो फरक निघाला, त्यात आमच्या लॅबसाठी एक नवी भट्टी आली.